राजगृह : एक घर आणि त्याचा शेजार

(गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी व सभासद कुटुंबे यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानमालेत एका वास्तुविशारदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय 'घर आणि वसती' असा आहे. मी आयुष्यभर घरांचे नकाशे काढले. त्यामुळे चटईक्षेत्र, पुनर्विकास, वाहनतळ, विकासकाशी करावयाचा करार यांविषयी मी काही सांगेन, अशी आपली अपेक्षा असणार. त्या प्रश्नांची उत्तरे मी व्याख्यानानंतर अवश्य देईन. पण भाषणात मी एकाच घराविषयी बोलणार आहे. ते घर मी बांधलेले नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते उभे राहिले. दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीच्या पाचव्या गल्लीत ते आहे. त्या घराचे नाव 'राजगृह'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते बांधले.

हेच घर का निवडले, असे आपण विचाराल. घर म्हणजे काय आणि वसती म्हणजे काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका वास्तूत सापडतात, असे मला वाटते. आणि आपल्या संस्थांच्या कार्यालयात बसून आपण जे निर्णय घेतो, त्यांच्याशीही या घराचा फार जवळचा संबंध आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

प्लेगने काढायला लावलेला नकाशा

प्रथम वसतीकडे पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात त्याची पहिली चाहूल लागली आणि पाहता पाहता सारे शहर भयग्रस्त झाले. माणसे गाठोडी बांधून गावाकडे निघाली. गिरण्या आणि गोद्या ओस पडू लागल्या. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे, वाऱ्याला वाट नाही अशी घरे यांकडे तोवर कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. त्या राज्यकर्त्यांनी कायदा करून १८९८ साली एक संस्था स्थापन केली. तिचे नाव 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'. जुन्या मुंबईत रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत घेणे, रोगट घरे पाडणे आणि शहराच्या उत्तरेला नव्या, मोकळ्या वसाहती आखणे ही तिची कामे होती. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते याच ट्रस्टने काढले.

उत्तरेकडे दादर, माटुंगा, शीव हा तेव्हा शेतीवाडीचा, नारळी-ताडांचा आणि मिठागरांचा मुलूख होता. आज आपण दादरला मुंबईचे मध्य समजतो. त्या काळी ते उपनगर होते. तिथे ट्रस्टने आधी रस्ते आखले, मग भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. घर बांधणाऱ्याला चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागे. आज आम्ही जिला 'सामासिक अंतर' म्हणतो आणि जी कमी करून मिळावी म्हणून अर्जावर अर्ज करतो, ती जागा त्या नकाशात प्रकाश आणि वारा यांच्या हक्काची म्हणून राखली होती. रस्त्याकडेला झाडे आणि मध्ये उद्याने होती. ट्रॅमचे शेवटचे स्थानकही इथेच होते. मुंबईची अखेरची ट्रॅम ३१ मार्च १९६४ रोजी धावली ती बोरीबंदर ते दादर. पण 'दादर टीटी' हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

या वसाहतींत समाजासमाजाने घरे घेतली. पारशी समाजातील स्थापत्य अभियंते मंचेरजी जोशी यांच्या खटपटीने १०३ भूखंड पारशी कुटुंबांसाठी राखले गेले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. माटुंग्यात दाक्षिणात्य कुटुंबे स्थिरावली. त्यांच्याबरोबर त्यांची मंदिरे, भजनी मंडळे आणि कॉफीचा दरवळ आला. या दोहोंच्या शेजारी हिंदू कॉलनी वसली. मराठी आणि गुजराती मध्यमवर्गाने तिथे घरे केली. शाळा निघाल्या, आणि जवळच माटुंग्याला रुईया आणि खालसा ही महाविद्यालये १९३७ साली सुरू झाली.

आपल्या माणसांत राहावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परक्या शहरात आलेल्या माणसाला आपल्या भाषेतला शेजार आणि आपल्या चवीची खाणावळ लागते. अडचणीला धावून येणारे ओळखीचे घर लागते. त्यात दोष नाही. पारशी कॉलनीला आजही कुंपणाची भिंत नाही आणि तिथल्या पाच बागांत सगळ्या जातीधर्मांची मुले खेळतात. वसती एका समाजाची असूनही तिचे रस्ते आणि बागा सर्वांच्या असू शकतात, याचे ते चांगले उदाहरण आहे. प्रश्न निर्माण होतो तो 'आपली माणसे' या शब्दांची व्याप्ती ठरवताना. आपण कोणाला आपले म्हणतो आणि कोणाला दारातून परत पाठवतो, यावर वसतीचे चारित्र्य ठरते.

एकाच टेबलावरचे दोन नकाशे

ट्रस्टच्या कामाला दुसरी बाजूही होती. जुनी घरे पाडली की त्यांतील गरीब माणसे कुठे जाणार? त्यांच्यासाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. लांब व्हरांडा, ओळीने खोल्या, एका कुटुंबाला एक खोली, मजल्याला सामाईक नळ आणि सामाईक शौचालय. त्या 'बीआयटी चाळी' म्हणून आजही ओळखल्या जातात. म्हणजे एकाच संस्थेच्या टेबलावर दोन नकाशे तयार झाले. एकात घराच्या चारही बाजूंना मोकळी हवा होती. दुसऱ्यात एका खोलीत सारा संसार होता. ज्याच्याजवळ पैसा त्याला पहिला नकाशा आणि ज्याच्याजवळ नाही त्याला दुसरा, असा तो सरळ हिशेब होता.

परळच्या बीआयटी चाळ क्रमांक एकमध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ या क्रमांकाच्या दोन खोल्या आहेत. बाबासाहेबांचे बिऱ्हाड १९१२ ते १९३४ या काळात तिथे होते. त्याआधीचे दिवस तर अधिक ओढगस्तीचे होते. सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले तेव्हा परळच्या एका चाळीत अवघी एक खोली त्यांना मिळाली. तिथेच चूल, सरपण, भांडीकुंडी आणि माणसे. मुलाच्या अभ्यासाला शांतता म्हणून नव्हतीच. वडिलांनी तोड काढली. भीमाने संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडिलांनी रात्री दोन वाजता त्याला उठवायचे, म्हणजे सारे झोपलेले असताना त्याला दिव्याच्या उजेडात वाचता येईल. स्वतंत्र खोली देता येत नव्हती, म्हणून बापाने मुलाला रात्रीचे काही तास दिले. चाळीस वर्षे घरांचे नकाशे काढूनही अभ्यासिकेची याहून चांगली सोय माझ्या पाहण्यात आली नाही.

बडोद्याचे ते अकरा दिवस

पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकले, नंतर लंडनला गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना बडोदा संस्थानची दहा वर्षे सेवा करायची होती. म्हणून १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले. परतीच्या प्रवासात त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते. ती बोट बुडवली गेली आणि त्यांची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. सामानाच्या भरपाईपोटी जे पैसे मिळाले, त्यांतून बडोद्याचा प्रवासखर्च भागला.

बडोद्यात राहायचे कुठे? हिंदू खाणावळीत त्यांना जागा मिळणार नव्हती. एका पारशी सराईत पारशी नाव सांगून त्यांनी दिवसाला दीड रुपयाप्रमाणे खोली घेतली. दुसरे कोणी प्रवासी नव्हते. दिवसा कचेरी आणि रात्री त्या ओसाड वास्तूत एकट्याने पुस्तके वाचणे, असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून वर आले. सराई बाटवलीस, संध्याकाळपर्यंत चालता हो, असे त्यांनी बजावले.

ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. काठ्या घेऊन आलेले लोक आपल्या लक्षात राहतात. मला मात्र त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी बाबासाहेब आपल्या दोन परिचितांकडे गेले. एक हिंदू, दुसरे ख्रिस्ती. दोघेही सुशिक्षित. दोघांपैकी कोणी काठी उगारली नाही की अपशब्द काढला नाही. हिंदू मित्राला वाईट वाटले, संतापही आला. पण तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेब समजायचे ते समजले. त्यांनी पाच तास सार्वजनिक बागेत काढले, मग सराईतून सामान घेतले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

बंधू-भगिनींनो, सराईतून त्यांना काठ्यांनी घालवले. पण रस्त्यावर आणले ते दोन सभ्य नकारांनी. अस्पृश्यतेचा हा रोग आपल्या घरचा होता आणि आपल्याकडून त्याची लागण शेजारच्या समाजांनाही झाली होती. प्लेगसाठी ट्रस्ट निघाला, रस्ते रुंद झाले. या रोगासाठी मात्र कोणी भिंत पाडली नव्हती. अठरा वर्षांनंतरही हा प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येते, असे बाबासाहेब त्या टिपणात नमूद करतात. हिशेब केला तर ते वर्ष १९३५ च्या आसपासचे येते. म्हणजे ज्या घराविषयी मी बोलतो आहे, त्या राजगृहात राहायला आल्यानंतरच्या काळातले.

ग्रंथांसाठी बांधलेले घर

लंडनहून बॅरिस्टर होऊन १९२३ साली ते परतले. वकिली सुरू केली. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चालू झाले. बिऱ्हाड मात्र चाळीतच होते. पुस्तके वाढत होती आणि खोल्या तेवढ्याच होत्या. १९३० च्या सुमारास त्यांनी हिंदू कॉलनीत भूखंड घेतले, कर्ज काढले आणि दोन इमारती बांधायला घेतल्या. एक राहण्यासाठी, दुसरी भाड्याने देण्यासाठी. भाड्याच्या इमारतीचे नाव 'चारमिनार' आणि राहत्या घराचे 'राजगृह'. हे बांधकाम चालू असतानाच ते गोलमेज परिषदांसाठी लंडनला जात होते. १९३३ च्या सुमारास राजगृह पूर्ण झाले. योगायोग असा की ज्या ट्रस्टने चाळही बांधली आणि कॉलनीही आखली, तो ट्रस्ट १९३३ सालीच मुंबई महानगरपालिकेत विलीन झाला.

व्यावसायिक दृष्टीने पाहिले तर राजगृह ही वैभवाची वास्तू नाही. मुंबईत त्याहून कितीतरी देखणी घरे त्या काळात उभी राहिली. राजगृहाचे वेगळेपण त्याच्या नियोजनात आहे. खाली कुटुंबाचे बिऱ्हाड आणि वर ग्रंथालय व कार्यालय, अशी ती विभागणी होती. सर्वसाधारणपणे माणूस घर बांधतो आणि पुस्तकांसाठी एखादे कपाट ठेवतो. इथे ग्रंथांची सोय आधी ठरली आणि माणसांनी तिच्यात आपली जागा करून घेतली. ज्याची पुस्तके समुद्रात बुडाली होती, ज्याला वाचण्यासाठी रात्री दोन वाजता उठावे लागत होते, त्याने घर बांधताना पहिली गोष्ट काय केली, तर पुस्तकांना हक्काची जागा दिली. पुढे १९४१ साली 'चारमिनार' विकावी लागली. कर्ज फेडायचे होते आणि ग्रंथखरेदी तर चालूच होती. उत्पन्न देणारी इमारत गेली, ग्रंथ राहिले.

नावाविषयीही सांगितले पाहिजे. राजगृह ही प्राचीन मगधाची राजधानी, आजच्या बिहारमधील राजगीर. तिथेच राजा बिंबिसाराने भगवान बुद्धांना वेणुवन दान दिले. निवाऱ्यावाचून फिरणाऱ्या भिक्षुसंघाला मिळालेली ती पहिली जागा. ज्याला बडोद्यात एका रात्रीचा निवारा नाकारला गेला, त्याने स्वतःच्या घरासाठी हे नाव योजावे, यात मला फार मोठा अर्थ दिसतो.

या घरात रमाबाईंना फार थोडा काळ मिळाला. पाच अपत्यांपैकी चार त्यांनी लहानपणीच गमावली होती. एकटा यशवंत जगला. पती परदेशी असताना त्यांनी चाळीच्या खोलीत दारिद्र्याशी झुंज दिली. मोकळ्या हवेचे घर झाले तेव्हा त्यांची प्रकृती पुरती खालावली होती. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. आम्ही नकाशावर खिडकीची लांबी-रुंदी लिहितो. ती खिडकी किती वर्षे उशिरा उघडली, हे लिहायला नकाशात जागा नसते.

कॉलनीच्या नावाचा आरसा

आता एका अवघड गोष्टीकडे वळतो. ती टाळून पुढे गेलो तर हे भाषण प्रामाणिक राहणार नाही. ज्या माणसाने १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही, तो त्या दिवशी पत्त्याने हिंदू कॉलनीचा रहिवासी होता. १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे आपले जगप्रसिद्ध भाषण त्यांनी लिहिले तेही याच पत्त्यावर राहत असताना. ज्या मंडळाने निमंत्रण दिले होते, त्याला ते भाषण झेपले नाही; परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. येवल्याची घोषणा त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूर्ण केली.

आपण हिंदू समाजाच्या एकतेविषयी आस्थेने बोलतो. मग एकाच वसाहतीत राहणाऱ्या या सर्वांत विद्वान शेजाऱ्याला 'मी तुमच्यातला नाही' असे का म्हणावे लागले, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे. त्याचे उत्तर त्यांच्यावर ढकलून चालणार नाही. ते उत्तर बडोद्याच्या त्या दोन सभ्य नकारांत आहे.

आणखी एक बारकावा पाहा. भाड्याने खोली मागणाऱ्याला घरमालकाच्या मर्जीवर राहावे लागते. भूखंड घेऊन स्वतःचे घर बांधणाऱ्याला तसे राहावे लागत नाही. ज्याला सराईतून हाकलले, तो 'चारमिनार' बांधून स्वतःच घरमालक झाला, भाडेकरूंना दार उघडणारा झाला. पण यासाठी त्याला किती पदव्या, किती कष्ट आणि केवढे कर्ज लागले! ज्याच्याजवळ यातले काही नाही, त्याने काय करायचे?

माझा स्वतःचा नकार

आता माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

अनेक वर्षांपूर्वी मी आमच्या इमारतीच्या संस्थेचा सचिव होतो. एका सभासदाला आपला फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. त्याने एका तरुण जोडप्याला कार्यकारिणीच्या भेटीला पाठवले. तो बँकेत अधिकारी, ती शाळेत शिक्षिका. बोलणे आर्जवी, कागदपत्रे चोख. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य गप्पा मारल्यासारखे विचारू लागले, "आडनावावरून काही अंदाज येत नाही. मूळ गाव कोणतं? कुलदैवत कोणतं तुमचं?" प्रश्नाचा रोख कळायला त्या तरुणाला वेळ लागला नाही. तो शांतपणे म्हणाला, "काका, आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग सर्वांनी चहा घेतला. आम्ही त्यांना हसतमुखाने निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी त्या सभासदाला निरोप गेला : जोडपे चांगले आहे, आमची काही हरकत नाही, पण इमारतीतल्या काही ज्येष्ठांना खाण्यापिण्यावरून अडचण वाटते, तेव्हा फ्लॅट दुसऱ्याला दिला असे सांगून टाका. हा निरोप देणारा मी होतो. मी जात मानत नाही, असे तेव्हाही म्हणत होतो. सेवावस्तीतल्या अभ्यासिकेला दर रविवारी जातही होतो. मला काही अडचण नव्हती. अडचण 'इतरांना' होती.

पुढे केव्हातरी बडोद्याची ती हकिगत मूळातून वाचली आणि त्या मित्राच्या तोंडचे 'माझे नोकर निघून जातील' हे उत्तर समोर आले. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. त्या मित्राला मी ओळखत होतो. तो मीच होतो. १९१७ ला नोकरांचे कारण होते, माझ्या वेळी ज्येष्ठांचे. ते जोडपे पुढे कुठे राहिले, मला ठाऊक नाही. त्यांची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही.

कायदा आणि कायद्यापलीकडे

कायदा काय म्हणतो, हे पदाधिकाऱ्यांना माहीत असले पाहिजे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो. त्याच्या चौथ्या कलमात, कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे यांसाठी अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे २३ वे कलम पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारण्यास मनाई करते. एखाद्या समाजाने आपल्यापुरती गृहनिर्माण संस्था काढावी की नाही, हा वाद वेगळा आहे. गुजरातमधील एका पारशी संस्थेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तसा पोटनियम वैध ठरवला. पण आपल्या बहुतेक संस्थांत असा कोणताही पोटनियम नाही. आपल्याकडे जे चालते ते लेखी नाही. ते चहाच्या कपावर चालते. त्यामुळे ते कोर्टात सिद्ध होत नाही; आणि म्हणूनच ते थांबवण्याची जबाबदारी अधिक करून आपल्यावर येते.

यासाठी मोठी आंदोलने नकोत. मी तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक, भाडेकरू किंवा खरेदीदार भेटीला आला की गाव, कुलदैवत, आडनावाची व्युत्पत्ती यांची चौकशी करायची नाही. पोलिसांकडील नोंद, करार आणि संस्थेचे नियम एवढेच बोलायचे. दोन, नकार द्यायचाच असेल तर कारण कागदावर लिहायचे आणि खाली सही करायची. जे लिहायची लाज वाटते ते कारणच नव्हे, हे आपोआप ध्यानात येईल. तीन, 'इतरांना अडचण आहे' असे कोणी म्हटले, तर त्या इतरांची नावे सभेत विचारायची. माझा अनुभव असा की बहुधा नावे निघत नाहीत.

आपण सेवावस्तीत जातो, वर्ग चालवतो, आरोग्य शिबिरे घेतो. ते काम मोलाचे आहे आणि ते वाढले पाहिजे. पण त्या वस्तीतला मुलगा शिकून, नोकरीला लागून आपल्याच जिन्यावर घर मागायला येईल, त्या दिवशी आपली खरी परीक्षा असेल. त्याच्या वस्तीत जाणे तुलनेने सोपे आहे. त्याला आपल्या वसतीत येऊ देणे, शेजारी म्हणून त्याच्या घरी हळदीकुंकवाला जाणे, त्याच्या घरचा फराळ आपल्या मुलांनी खाणे, हे त्याहून अवघड आहे आणि त्याहून आवश्यक.

पाचव्या गल्लीतून निघालेली वाट

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आले आणि राजगृहात ठेवण्यात आले. ७ डिसेंबरला अंत्ययात्रा निघाली आणि लाखोंच्या उपस्थितीत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे आज चैत्यभूमी आहे. त्या रात्री आणि त्या दिवशी हिंदू कॉलनीच्या अरुंद गल्ल्यांत माणूस मावत नव्हता. चाळीतली, गिरणीतली, खेड्यापाड्यांतली माणसे प्रकाश-वाऱ्यासाठी आखलेल्या त्या वसाहतीत आली होती. आपल्या माणसाच्या घरी आली होती.

आजही दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती माणसे येतात. चैत्यभूमीला वंदन करून अनेकजण राजगृहाकडे वळतात. घरात आंबेडकर कुटुंबीयांचे वास्तव्य आहे आणि तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू व छायाचित्रे जपून ठेवली आहेत. ७ जुलै २०२० रोजी याच घराच्या आवारात शिरून कुंड्या आणि काचा फोडण्याचा निंद्य प्रकार घडला. तेव्हा आंबेडकर कुटुंबीयांनी लोकांना शांतता राखण्याचे आवाहन केले. ज्या घरावर हल्ला झाला त्याच घरातून संयमाचा आवाज यावा, हे त्या वास्तूला शोभणारेच होते.

माझी आपणांस विनंती आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन दादरला जा. आधी परळची बीआयटी चाळ बाहेरून पाहा, मग चालत चालत हिंदू कॉलनीत या. अंतर फार नाही. पण एका माणसाला ते कापायला बावीस वर्षे लागली, हे मुलांना सांगा. आणि परत आल्यावर आपल्या इमारतीच्या फलकावरची नावे एकदा वाचा. कोणती आडनावे आहेत ते दिसेल. कोणती नाहीत, त्याचाही विचार करा.

मी केलेली चूक आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि थांबतो.